दोन कड्यांची बादली

मी एक जुनी पितळी बादली आहे, आणि मला दोन कड्या आहेत. मित्रांनो, तुमच्या घरच्या बादलीला एकच कडी असते. ती वर असते, हाताने उचलायला. माझी एक कडी तशीच वर आहे. दुसरी बुडाला आहे. ती पाहून लोकांना वाटते, ही बनवणाऱ्याची चूक असावी. चूक नाही. मला मुद्दाम तसे बनवून घेतले आहे. का, ते सांगते. जरा सावकाश सांगेन. आता माझ्याच्याने घाई होत नाही.

माझा जन्म शिरपूरला झाला. तिथे जुने जैन मंदिर आहे, यात्रेकरू येतात, आणि त्यांच्या येण्याजाण्यावर बाजार चालतो. त्या बाजारात एक तांबट होता. त्याच्याकडे एक बाई आपल्या लग्न ठरलेल्या मुलीला घेऊन आल्या. मुलीचे नाव प्रेमा. बाईंनी बादली सांगितली आणि बुडाला कडी बसवायला सांगितली. तांबटाचा हातोडा थांबला.

"बुडाले कडी? कायले जी? जावई उलटा आहे काय?"

प्रेमा पदरात तोंड घालून हसली. तिची आई हसली नाही. "तू बसव बापा. मजबूत बसव. हिच्या जन्माले पुरली पायजे."

तांबटाने ती मजबूत बसवली. आतून कल्हई केली. मी तिच्या आंदणातल्या भांड्यांबरोबर वाशीमला आले, गुलाबचंद यांच्या घरी. गुलाबचंद यांचे किराण्याचे छोटे दुकान होते. माणूस कमी बोलणारा. तेव्हा ते भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते आणि पाणी शेजारच्या वाड्याच्या विहिरीचे होते.

आता माझे काम ऐका. प्रेमाबाईंचा नियम होता की पाणी विहिरीचेच प्यायचे, आणि दुहेरी कापडाच्या गाळण्याने गाळून प्यायचे. गाळल्यावर कापडावर जे राहते, ते आपल्याला दिसत नाही. पण त्यात बारीक जीव असतात. त्याला जिवाणी म्हणतात. ती मोरीत टाकायची नाही, झाडाला घालायची नाही, दुसऱ्या पाण्यातही सोडायची नाही. ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत ती परत पोचवायची. तीही वरून ओतायची नाही, इतक्या उंचावरून पडून ते जीव मरतील. खाली पाण्यापर्यंत नेऊन हळूच सोडायची.

ते माझे काम. दोर माझ्या बुडाच्या कडीला पक्का बांधलेला असतो. त्याच दोराला थोडा वर एक उघडा आकडा असतो, तो वरच्या कडीत अडकवतात. मग मी सरळ खाली जाते. पाण्याला टेकले की दोर ढिला पडतो आणि आकडा आपोआप सुटतो. वरून ओढले की दोर मला बुडाने ओढतो, मी पालथी होते आणि माझ्यातले सगळे पाण्यात उतरते. रोज सकाळी मी सरळ खाली गेले आणि पालथी वर आले. माझे सगळे आयुष्य एवढेच आहे.

पुनीतचा जन्म झाला आणि दोन खोल्या पुरेनात. गुलाबचंद यांनी घर शोधायला घेतले. दोन घरे नजरेत होती. एक बाजाराजवळ होते. नवे, स्लॅबचे, आत नळ. दुसरे रिसोडच्या वाटेवर, गावाच्या बाहेर. एका ओळीत तीन खोल्या, वर टिनपत्रे, पुढे ओटा, न्हाणी अंगणात. घर साधे, पण जागा मोठी होती. जागा मोठी होती कारण तेव्हा तिकडे कोणाला यायचे नव्हते. म्हशी फिरत होत्या. मागच्या बाजूला एक विहीर होती.

प्रेमाबाई ते घर पाहायला गेल्या तेव्हा मला पिशवीत घालून घेऊन गेल्या. घरमालक त्यांना खोल्या दाखवायला पुढे झाला. त्या सरळ मागे गेल्या. विहिरीत वाकून पाहिले, दुसरी बादली सोडून पाणी काढले, गाळले, प्यायल्या आणि मग मला सोडले.

गुलाबचंद ओट्यावरून ओरडले, "घर पाहाले आलो का विहीर?"

"घर तुमी पाहा. मी पाह्यलं."

"आत तं पाय ठेवला नाई तू. उन्हाळ्यात या टिनाखाली भाजून निघशीन."

"निघीन. घर मागून बांधता येते. असं पाणी कोण बांधून देईन?"

घरमालक गोंधळला. त्याला घर विकायचे होते आणि गिऱ्हाईक विहिरीपाशी उभे होते. गुलाबचंद बराच वेळ ओट्यावर बसले. बाजाराजवळचे घर दुकानाला जवळ होते. या घरी यायला सायकल हाणावी लागणार होती. ते उठले तेव्हा एवढेच म्हणाले, "मंग भाजून घेऊ दोघंही."

तसे आम्ही त्या घरात आलो.

मित्रांनो, वाशीमकडची जमीन काळी आहे. उन्हाळ्यात ती वाळते आणि फाटते. अंगणात अशा भेगा पडतात की लहान मुलाची चप्पल आत जाईल. जमिनीबरोबर भिंतीही फाटतात. पाऊस पडला की माती फुगते आणि भेगा मिटतात. त्या घराच्या सैपाकघराच्या भिंतीला एक भेग होती. गुलाबचंद दरवर्षी ती सिमेंटने बुजवत आणि ती दरवर्षी शेजारून फुटे. शेवटी प्रेमाबाईंनी त्या भेगेतच एक लाकडी खुंटी ठोकली आणि मला तिच्यावर टांगले. उन्हाळ्यात खुंटी ढिली होई आणि मी एखाद्या दुपारी खाली पडे. प्रेमाबाई आतून म्हणत, "पडली काय? म्हणजे वैशाख लागला." पावसाळ्यात खुंटी घट्ट होई आणि मी निवांत राही.

वर्षे गेली. नळ आला. शेजारी बोअर झाले. म्हशी गेल्या, मातीचा रस्ता डांबरी झाला, मग सिमेंटचा. आजूबाजूला तीन तीन मजले चढले आणि आमचे घर मधे बसकट दिसू लागले. ज्या जागेत कोणाला यायचे नव्हते तिथून जाणारा प्रत्येक माणूस आता मान वळवून कुंपणाच्या आत पाही.

प्रेमाबाईंचा नियम तसाच राहिला. पाहुणे चिडवत, "मामी, जिवाणीची मोजदाद करता काय? एखादी घरीच राह्यली तं?" त्या म्हणत, "राह्यली तं तुमच्या घरी धाडीन." पुनीतला लहानपणी लाज वाटे. मोठा झाल्यावर त्याला विहिरीची भीती वाटू लागली, आई वाकते म्हणून. त्याने नागपूरला नोकरी धरली, तिथेच फ्लॅट घेतला. लग्न होऊन चंदना घरात आली तेव्हा ती थोडे दिवस वाशीमला राहिली होती. तिला सासूने सगळे शिकवले. पहिल्या दिवशी मी पालथी वर आले तेव्हा चंदना घाबरून म्हणाली, "आई, सांडलं सगळं!" प्रेमाबाई म्हणाल्या, "सांडाले नाई वं, पोचवाले गेली होती ते."

मग प्रेमाबाई आजारी पडल्या. आजार पोटाचा होता. अकोल्याला नेले, नागपूरला नेले, परत आणले. त्या सैपाकघराला लागूनच्या खोलीत खाटेवर असत. पाणी त्यांना तेच लागे. आता ते गुलाबचंद यांना काढावे लागले आणि मलाही सोडावे लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी आकडा वरच्या कडीत अडकवला आणि सुटू नये म्हणून वरून सुतळीने बांधून टाकला. किराणा दुकानदाराला गाठ मारायची सवय. मी सरळ खाली गेले, पाण्यावर थोडी डुलले आणि सरळच भरून वर आले. जिवाणी जशीच्या तशी. त्यांनी पुन्हा सोडले, मी पुन्हा भरून आले. ते मला हातात घेऊन खोलीच्या दारात उभे राहिले.

"हे पालथी होऊन नाई राह्यली."

प्रेमाबाईंनी मान उचलून पाहिले. सुतळी पाहिली आणि हसायला लागल्या. हसताना त्यांचे पोट दुखत होते, तरी हसत होत्या. "अहो, तुमी तं त्याईले फिरवून आणलं. वाशीम दाखवलं काय?"

"मले कोणी शिकवलं?"

"सोडा ते सुतळी. सुटलं पायजे ते. सुटत नाई तं पोचत नाई."

त्यांनी सुतळी सोडली. त्या दिवसापासून गुलाबचंद रोज मला सोडत. आणि प्रेमाबाई रोज खाटेवरून विचारत, "जिवाणी पोचली काय?" आणि ते दारात येऊन सांगत, "पोचली." मग त्या डोळे मिटत. त्या दिवसांत दोघांचे एवढेच बोलणे नेमाने होई. बाकी औषधांचे.

एका सकाळी ते दारात आले आणि कोणी विचारले नाही.

त्यानंतर मला खुंटीवरून कोणी काढले नाही. गुलाबचंद यांनी पाण्याचा जार लावला. मुलगा आणून ओट्यावर ठेवून जाई. ते कसेतरी पीत. दुकान आधीच बंद केले होते. ओट्यावर बसत, उन्ह आले की आत सरकत. मी भिंतीवरून पाहत होते. माझ्यावर हिरवा थर चढला. उन्हाळा आला, खुंटी ढिली झाली आणि मी पडले. त्यांनी आवाज ऐकला. आत आले, मला उचलले, पुन्हा टांगले. वैशाख लागला असे कोणी म्हणाले नाही.

त्याच उन्हाळ्यात ते न्हाणीच्या दगडावर घसरले. फोन उचलला नाही म्हणून पुनीतने शेजाऱ्यांना धावायला लावले. मार थोडा होता, पण पुनीत दुसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. मित्रांनो, पुनीत वाईट नाही हे आधीच सांगते. बाप एकटा, न्हाणी अंगणात, टिनाखाली भट्टी, आणि तो स्वतः नागपूरला. तो थकला होता.

"बाबा, आता हे पुरे. तुमी आमच्याकडं चला. घर काढून टाकू."

गुलाबचंद म्हणाले, "पाहू."

मग धनसिंग आला. तो जागांची दलाली करतो. त्याच्याबरोबर बिल्डरचा माणूस होता, हातात टेप. ते कुंपणापासून कुंपणापर्यंत मोजत गेले. ओट्यावर चढलेसुद्धा नाहीत. गुलाबचंद उठून म्हणाले, "आतून पाहा नं घर. या नं."

"आतून काय पाहाचं काका," तो माणूस म्हणाला, "पाडाचंच तं आहे."

धनसिंगला जरा बरे वाटले नसावे. तो म्हणाला, "म्हणजे असं आहे काका, घराची किंमत शून्य धरतात. किंमत जागेची. तुमचं घर लहान आहे, जुनं आहे. उलट ते उचलून न्यायचाच खर्च. पण जागा! अशी जागा रस्त्यावर आता कोणाची राह्यली?"

"आन विहीर?"

"बुजवाची. वर पार्किंग येते."

गुलाबचंद खाली बसले. म्हणाले, "हे घर घेतलं तवा आमी दोघं होतो. तवा कोणी जागा मोजली नवती."

धनसिंग आणि तो माणूस निघून गेले. सही पुढच्या महिन्यात करायची ठरली. म्हणजे पुनीतने ठरवली, आणि गुलाबचंद नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणायलाही जोर लागतो.

घर रिकामे करताना भंगारवाला आला. त्याने पातेली, पिंप, मोडका पंखा तराजूत टाकला; खाट तेवढी आत राहिली. मग मला खुंटीवरून काढले आणि उलटे करून पाहिले. "हे काय? बुडाले कडी. कामाची नाई कोणाच्या. मोडीत जाईन." त्याने मला तराजूत ठेवले. मी आयुष्यात पहिल्यांदा वजनात तोलले गेले. त्या दिवशी मला कळले की घराला कसे वाटले असेल.

गुलाबचंद आतून आले. काही न बोलता त्यांनी मला तराजूतून उचलले आणि आपल्या कापडी पिशवीत ठेवले. त्याच दिवशी त्यांनी विहिरीतून पाणी काढून एक कॅन भरला. पुनीत म्हणाला, "बाबा, तिकडं फिल्टर आहे."

"असू दे. हे थोडे दिवस पुरंन."

असे आम्ही नागपूरला गेलो. मी, कॅन आणि ते. फ्लॅट वरच्या मजल्यावर होता. सगळे चकचकीत. मला बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे जागा मिळाली.

आणि तिथे एक चूक झाली. तुम्हाला हसू येईल, पण ती आमच्याच घरात होऊ शकते.

दुसऱ्या सकाळी चंदनाने कॅनमधले पाणी सासऱ्यांसाठी काढले. फिल्टरचे असते तर तसेच दिले असते. पण हे वाशीमचे पाणी. तिने सवयीने दुहेरी गाळणे घेतले आणि ते गाळले. गाळून झाले आणि ती कापड हातात धरून सैपाकघरात उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबा... आता हे जिवाणी?"

गुलाबचंद चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. पुनीत बुटाची लेस बांधत होता. तो म्हणाला, "कुंडीत टाक नं."

मग त्यालाच कळले आपण काय बोललो ते. "नाई म्हणजे, काय करता येईन? अंबाझरीच्या तलावात सोडून येऊ?"

"ज्या विहिरीचं, त्याच विहिरीत," गुलाबचंद म्हणाले.

"बाबा, वाशीम कुठं, आपण कुठं. पोचेपर्यंत त्यात काही जित्तं राह्यते काय? शास्त्रात तरी बसते काय हे?"

"नाई बसत. आमचं चुकलंच. पाणी आणाचंच नवतं." ते उठले. "पण आता आणलं आहे."

चंदनाने कापड उलटे करून वरून पाणी सोडले आणि ती जिवाणी माझ्यात उतरवली. किती महिन्यांनी. तिने माझ्या तोंडाला ओले फडके बांधले. गुलाबचंद यांनी रिकामा केलेला कॅन एका हातात घेतला. उरलेले पाणी चंदनाने हंड्यात काढून ठेवले होते. त्यांनी दुसऱ्या हातात मला धरले आणि सकाळच्या बसने निघाले.

बसमध्ये त्यांनी मला मांडीवर धरले होते. कंडक्टर तिकीट फाडताना थांबला.

"आजोबा, बादलीत काय आहे? खवा?"

"पाणी."

"पाणी? वाशीमले? काहून, वाशीमात पाणी नाई काय?"

"तिथलंच आहे. वापस नेऊन राह्यलो."

कंडक्टरने मागच्या सीटवरच्या माणसाकडे पाहिले. तो माणूस म्हणाला, "उधार आणलं होतं काय बाबाजी?"

"हो," गुलाबचंद म्हणाले. "तसंच समजा."

बस हसली. ते हसले नाहीत, पण त्यांना रागही आला नाही. शेलूबाजारला बस थांबली तेव्हा तोच कंडक्टर चहा घेऊन खिडकीशी आला आणि म्हणाला, "घ्या आजोबा. बादली मी धरतो." त्याने मला दोन्ही हातांनी धरले, जड नव्हते तरी. एक थेंब सांडू दिला नाही.

दुपारी आम्ही घरी पोचलो. कुलूप उघडायची गरज नव्हती, ते सरळ मागे गेले. दोर विहिरीच्या खांबाला तसाच गुंडाळलेला होता. त्यांनी तो माझ्या बुडाच्या कडीला बांधला, आकडा वरच्या कडीत अडकवला, आणि क्षणभर त्यांचा हात खिशाकडे गेला. सुतळीची जुनी सवय. मग तो परत आला. त्यांनी मला सोडले.

मी खाली जात होते. उन्हाळ्याने पाणी खोल गेले होते. टेकले. आकडा सुटला. मी पालथी झाले. त्यात काही जिवंत होते की नव्हते, मला माहीत नाही. मी विचारत नाही. माझे काम पोचवायचे.

वर आले तेव्हा कुंपणाशी धनसिंग उभा होता. त्याला कोणीतरी फोन केला असावा की म्हातारा आला आहे.

"काका! बरं झालं आले. सही आजच करून घेऊ काय? पार्टी उतावीळ झाली."

गुलाबचंद यांनी मला ओट्यावर ठेवले. विहिरीपाशीच राहिलेल्या दुसऱ्या बादलीने पाणी काढले आणि कॅन भरायला घेतला. धनसिंग पाहत राहिला.

"काका, हे काय करून राह्यले?"

"पाणी नेऊन राह्यलो. नागपूरले."

"मंग सही?"

"मंग जिवाणी वापस आणा लागंन. तेवढी आणू दे."

"बरं. आणा नं. मंग करू."

"मंग जाताना पाणी नेईन."

धनसिंगला समजायला थोडा वेळ लागला. मग तो मटकन ओट्यावर बसला. "असं तं काका, हे कधी सरणारच नाई."

"मलेही तसंच वाटते," गुलाबचंद म्हणाले आणि कॅनचे झाकण आवळले.

मित्रांनो, सगळ्या गोष्टी इथे संपल्या असत्या तर बरे झाले असते. पण माणूस थकतो. ते नागपूरहून वाशीमला आणि वाशीमहून नागपूरला जात येत राहिले. गुडघे सुजले. एकदा बस बंद पडली आणि रस्त्याच्या कडेला माझ्यावर रुमाल धरून उन्हात उभे राहिले. पुनीत चिडला, मग गप्प झाला, मग पुन्हा चिडला. "या जाण्यायेण्यात तुमाले काही झालं तं?" ते म्हणत, "पाहू." पुनीतने एकदा रागात विचारले, "एका विहिरीपायी?" आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच दुसऱ्या खोलीत गेला.

एका सकाळी गुलाबचंद उठलेच नाहीत. ताप होता. कॅनचे पाणी गाळून झाले होते, जिवाणी माझ्यात होती. ते पडल्या पडल्या म्हणाले, "उद्या जाईन."

चंदनाने साडी बदलली, मला उचलले आणि स्वतः बसमध्ये बसली. एकटी गेली, एकटी आली. परतताना तिने कॅन भरला नाही. संध्याकाळी पुनीत घरी आला तेव्हा तिने मला टीपॉयवर मधोमध ठेवले होते. पालथी.

"पाणी नाई आणलं?" गुलाबचंद यांनी विचारले.

"नाई आणलं. बाबा, पाणी इथं येऊन येऊन थकलं. आता तुमी तिथं जा."

पुनीत म्हणाला, "चंदना, एकटे राहतीन ते?"

"इथं काय दुकटे आहेत? तू सकाळी जातोस, मीही कामाले जाते. दिवसभर बाल्कनीत त्या बादलीजवळ बसून राहतात. न्हाणी आत बांधू. विहिरीवर जाळी टाकू. शेजारी सांगून ठेवू. आपण शनिवारी जात जाऊ. ते घर शून्य आहे म्हणतात. मी आज पाहून आली. भिंत फाटली आहे, खरं आहे. टिन तापते, खरं आहे. पण बाबा तिथं उठून काही करतात. इथं नाई करत."

पुनीतने डोके हातात धरले. दुसऱ्या सकाळी बापाजवळ बसून म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाहू. तोवर धनसिंगले थांबवतो. पण फोन उचलायचा. पहिल्या रिंगले."

"दुसऱ्या," गुलाबचंद म्हणाले. "गुडघे दुखतात."

आता आम्ही वाशीमला आहोत. घर साधेच आहे. जागा मोठीच आहे. न्हाणी आत बांधली आहे. विहिरीवर लोखंडी जाळी आहे आणि तिला माझ्यापुरते झाकण. पुनीतने स्वतः बसवले. धनसिंग अधूनमधून येतो, ओट्यावर बसतो, पाणी पितो आणि म्हणतो, "घराचं काही खरं नाई काका, पण पाणी गोड आहे." पुढचा उन्हाळा फार लांब नाही. तेव्हा काय होईल ते मी सांगू शकत नाही. बादलीला तेवढे पुढचे दिसत नाही.

मित्रांनो, मी थकले आहे. माझ्या बुडाची कडी झिजली आहे. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. एखादी जुनी गोष्ट तराजूत टाकण्याआधी तिला दोन कड्या का आहेत ते विचारा. एखादे घर मोजण्याआधी एकदा आत जा. आणि कोणाकडून काही घेतले, पाणीसुद्धा, तर जे परत करायचे असते ते परत करा. वरून फेकू नका. हाताने खाली नेऊन ठेवा. उशीर झाला, त्याचा आता उपयोग नाही असे लोक म्हटले, तरी न्या.

रोज सकाळी गुलाबचंद पाणी काढतात, गाळतात आणि मला सोडतात. मी पालथी वर येते. ते मला पुसतात आणि भेगेतल्या खुंटीवर टांगतात. मग शेजारच्या खोलीच्या दारात जातात. खाट अजून तिथेच आहे. कोणी विचारत नाही. ते चौकटीला हात लावून थोडे थांबतात.

"पोचली," ते म्हणतात.